भारतीय रेल्वेचे राष्ट्रीयीकरण

भारतीय रेल्वेचे राष्ट्रीयीकरण : खाजगी कंपन्या व संस्थाने यांच्याकडील लोहमार्ग शासनाच्या मालकीखाली व प्रत्यक्ष व्यवस्थापनाखाली आणण्याची प्रक्रिया. भारतात ती एका कायद्याने घडून आली नाही. मालकी प्रथम व व्यवस्थापन बऱ्याच काळानंतर शासनाकडे आले.

ईस्ट इंडिया कंपनीने १८४९ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ व ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ या रेल्वे कंपन्यांशी करार केले. त्यांनुसार जमीन विनामूल्य देण्यात आली व भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी मिळाली. उत्पन्न अपुरे पडल्यास तूट भारतीय महसुलातून भरून निघे. या हमीमुळे मुंबई–ठाणे (१८५३) व त्यानंतरचे मार्ग उभे राहिले. तथापि कंपन्यांना काटकसरीचे प्रयोजन उरले नाही. परिणामतः १८६९ मध्ये शासनाने स्वतः लोहमार्ग बांधण्याचे ठरविले. खर्च वाचविण्यासाठी पुढे मीटरमापी मार्ग स्वीकारण्यात आले. त्यामुळे जेथे रुंदमापी मार्ग संपे, तेथे माल उतरवून पुन्हा भरणे अपरिहार्य झाले.

करारातील तरतुदींनुसार शासनाने ईस्ट इंडियन रेल्वे १८८० मध्ये व ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९०० मध्ये विकत घेतली. मात्र कारभार कंपन्यांकडेच ठेवला. मार्ग भारताचे व संचालक मंडळे लंडनमध्ये, अशी ही विसंगती होती. सर विल्यम ॲक्वर्थ समितीने (१९२०–२१) ती संपविण्याची शिफारस केली. दहा सदस्यांपैकी अध्यक्षांसह पाच जणांनी शासकीय व्यवस्थापनाचा, तर उरलेल्यांनी भारतात स्थापन होणाऱ्या कंपन्यांचा पुरस्कार केला. अखेर १९२५ मध्ये या दोन्ही रेल्वे शासनाने चालविण्यास घेतल्या. उरलेल्या प्रमुख कंपन्या १९४४ पर्यंत शासनाकडे आल्या.

फाळणीत (१९४७) नॉर्थ वेस्टर्न व बेंगॉल–आसाम या रेल्वे विभागल्या गेल्या. १९५० मध्ये संस्थानांचे मार्ग केंद्राकडे आले. १९५१–५२ मध्ये सर्व मार्गांचे सहा विभाग करण्यात आले. त्यांपैकी मध्य रेल्वेत ग्रेट इंडियन पेनिन्सुला, निजाम, शिंदे व धोलपूर येथील रेल्वे समाविष्ट झाल्या. मापभिन्नता दूर करण्याची व्यापक योजना मात्र १९९२ मध्येच हाती घेण्यात आली.

ॲक्वर्थ समितीच्या शिफारशीनुसार १९२४ मध्ये वेगळा झालेला रेल्वे अर्थसंकल्प २०१७ मध्ये सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. रेल्वे व्यापारी तत्त्वावर चालवावी की लोकसेवा म्हणून, हा प्रश्न राष्ट्रीयीकरणाने सुटला नाही. प्रवासी वाहतुकीतील तूट मालवाहतुकीच्या उत्पन्नातून भरून काढावी लागते. पूर्वी हमीच्या रूपाने करदात्यावर पडणारा भार आता कोणी व किती उचलावा, हे ठरविण्याचा अधिकार मात्र संसदेकडे आला. राष्ट्रीयीकरणाची ही मुख्य फलश्रुती होय.