फुग्याआधी विडी

अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत जाळी (स्टेंट) कुठे बसवायची आणि कुठे टाळायची, ते या लेखमालेत या आठवड्यात सांगणार होतो. तो विषय पुढच्या वेळी, कारण सिन्नरहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगा ३६ वर्षांचा. शुगर नाही, बीपी नाही, तरी पायाचा अंगठा काळा पडलाय आणि तो रात्रभर खाटेवरून पाय खाली सोडून बसतो. ‘गुडघ्याखाली कापावा लागेल म्हणतात. तुम्ही लिहिता तो रक्तवाहिनी आतून रुंद करणारा फुगा याला चालेल का?’ आणि शेवटी एक ओळ : विडी लहानपणापासून आहे.

पाय खाली सोडून बसण्यातच निम्मं निदान आलं. आडवं झालं की पंज्यापर्यंत रक्त पोचत नाही आणि कळ उठते. पाय लोंबता ठेवला की थोडं तरी उतरतं. पंचेचाळिशीच्या आत, मधुमेह नसताना, तंबाखूच्या माणसाला असं झालं की मनात पहिलं नाव येतं ते बर्जर रोगाचं. लिओ बर्जर न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात होते. कापलेले ११ अवयव तपासून १९०८ साली त्यांनी दाखवलं की, इथे धमनीत चरबीचा थर साचलेला नसतो. धमनी आणि शेजारची शीर दोन्ही सुजतात आणि आतल्या गुठळीने बुजतात.

आपल्या लेखमालेला हा फरक महत्त्वाचा आहे. धमनी आतून रुंद करणारे डॉक्टर डॉटर आणि त्यांच्या रुग्ण आजीबाई आधीच्या लेखात आल्या होत्या. त्या आजीबाईंच्या मांडीतली धमनी एका जागी अरुंद होती, पुढचा रस्ता मोकळा होता. बर्जरमध्ये मांडीची धमनी बहुधा चांगली असते आणि गुडघ्याखालच्या बारीक वाहिन्या लांबवर बंद असतात. अँजिओग्राफीत त्यांच्या आजूबाजूला द्राक्षवेलीच्या तणाव्यांसारख्या वळ्या-वळ्यांच्या बारीक वाहिन्या दिसतात. शरीराने स्वतःच काढलेली ती पर्यायी वाट. बायपास करावा तर टाका घालायला खाली धड धमनीच सापडत नाही.

म्हणून अलीकडे इथेही तार आणि फुगा वापरून पाहतात. जांघेतून तार घालतात. वरून जमलं नाही तर पावलावरच्या धमनीत सुई घालून खालून वर येतात. फुगा दोन-तीन मिलिमीटर जाडीचा. धमनी काही महिन्यांनी पुन्हा बंद झाली तरी तेवढ्या काळात जखम भरली, तर पाय राहतो. अंगठा जाईल कदाचित. पण अंगठा नसलेला माणूस स्वतःच्या पायावर शेतात जातो.

मात्र विडी चालू असेल तर या खटाटोपातून फार काही हाती लागत नाही. क्लीव्हलंड क्लिनिकने १९९० साली बर्जरच्या ११२ रुग्णांचा अभ्यास छापला. धूम्रपान सोडलेल्यांपैकी ९४ टक्के लोकांचा अवयव वाचला. ओढत राहिलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांना निदान एकदा तरी कापून घ्यावं लागलं. कुठल्याही फुग्याला किंवा औषधाला या रोगात इतकं यश आलेलं मला माहीत नाही. आणि सोडणं म्हणजे पूर्ण सोडणं. दिवसाला एक-दोन विड्याही रोग जागा ठेवतात. तंबाखू-चुना आणि मिश्रीही त्यातच आल्या. सिन्नर तर पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळणारं गाव. तिथे विडी सोडणाऱ्या तरुणाला घरच्यांची साथ लागते, नुसती ताकीद पुरत नाही.

तेव्हा ताई, पाय सुजून लाली वर चढत असेल, पू असेल, ताप असेल, तर एक दिवसही थांबू नका. तिथे जीव आधी. तसं नसेल तर कापायच्या कागदावर सही करण्याआधी डॉप्लर आणि अँजिओग्राफी करून घ्या, आणि ती रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवा. फुगा चालेल की नाही, हे ती पाहिल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. विडीचं बंडल मात्र आजच घराबाहेर काढा, आणि घरातल्या बाकीच्यांचंही.