पाळीव कुत्र्याची वर्षभरातील निगा
पाळीव कुत्र्याच्या निगेत लसीकरण, जंतनिर्मूलन, आहार व ऋतुमानानुसार निवारा यांचा समावेश होतो. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात मळ्यांवर व वस्त्यांवर राखणीसाठी पाळलेली कुत्री बहुधा मोकळी फिरतात. भटक्या कुत्र्यांशी त्यांचा संबंध येत असल्याने रेबीजची लस हा या निगेचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो.

लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. जनावरात आणि माणसातही. पिल्लू साधारणतः 3 महिन्यांचे झाल्यावर त्याला ही लस टोचतात व पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, बहुधा दरवर्षी देतात. एकदा टोचली की आयुष्यभर पुरते, हा समज चुकीचा आहे. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठणे आवश्यक असते. हळद, चुना वा मिरची लावल्याने उपचारास उशीरच होतो.

कोरेगावचा पाऊस महाबळेश्वरच्या मानाने फारच कमी, उन्हाळा मात्र कडक असतो. कुत्र्याला माणसाप्रमाणे अंगभर घाम येत नाही; तो धापा टाकून शरीर थंड ठेवतो. त्यामुळे दुपारी पत्र्याच्या छपराखाली बांधलेल्या कुत्र्यास उष्माघात होऊ शकतो. उबदार व दमट हवेत गोचिडांचा उपद्रव वाढतो व त्यांच्यामार्फत बबेसिया, एर्लिकिया यांसारखे रोगजंतू रक्तात शिरतात.

आहारात कांदा, लसूण व चॉकलेट वर्ज्य आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील तासगावचे बेदाणे घरोघरी असतात; द्राक्षे व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.