पॉइंट, पेट्रोल आणि पद्मिनी

प्रीमियर पद्मिनी सकाळी सुरू होत नसेल तर बॉनेट उघडून दोनच प्रश्न विचारायचे असतात. करंट येतोय का? पेट्रोल येतंय का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. एका प्लगची वायर काढायची, तिला हाताशी असलेला दुसरा प्लग लावायचा, त्याचं लोखंड इंजिनला नीट टेकवायचं आणि घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडक ठिणगी पडली तर करंट आहे. पिवळट, मलूल पडली किंवा पडलीच नाही, तर शोध डिस्ट्रिब्युटरकडे वळवायचा. करंट ठीक असेल तरच पेट्रोलच्या वाटेला जायचं. दोन्ही तपासण्या एकाच वेळी करायच्या नाहीत, कारण ठिणगी आणि उघडं पेट्रोल एकत्र आलं तर गाडी राहत नाही.

चौदा वर्षं ही गाडी सांभाळताना मी शिकलो ते एवढंच: जुनी गाडी हत्यारांपेक्षा क्रमाने दुरुस्त होते. हा क्रम शिकवायला पद्मिनीइतकी चांगली गाडी आपल्याकडे दुसरी झाली नाही.

तिचं मूळ इटलीतलं. फियाटने ११०० मालिकेतली ही गाडी १९५३ साली आणली. आपल्याकडे तिला घडवलं ते वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात. पन्नासच्या दशकातली गोलमटोल ‘डुक्कर फियाट’ आधी आली, साठच्या दशकात ११०० डिलाइट आली. १९७२ मध्ये तीच गाडी प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. नावं बदलली तरी आतलं यंत्र फारसं बदललं नाही. परवाना राजच्या काळात बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट खटकली असेल, पण घरी दुरुस्ती करणाऱ्याच्या ती पथ्यावर पडली. एका गाडीवर शिकलेला हात दुसऱ्या गाडीवर तसाच चालतो.

इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, गाडीच्या लांबीत बसवलेलं. ताकद मागच्या चाकांना, गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. बॉनेटखाली कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. कार्ब्युरेटर, कॉइल, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप, डायनॅमो किंवा अल्टरनेटर अशी प्रत्येक वस्तू डोळ्यांना दिसते आणि बहुतेकींपर्यंत हात पोचतो.

यातला डिस्ट्रिब्युटर जवळून पाहण्यासारखा आहे. दोन क्लिपा सोडवल्या की काळं झाकण निघतं. रोटर वर ओढला की खाली पॉइंट दिसतात: डाळीच्या दाण्याएवढ्या दोन टिकल्या, समोरासमोर. मधला कॅम फिरतो आणि त्यांना उघडतो, मिटवतो. मिटल्या की बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये खेळतात. उघडल्या की तो प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलमधून हजारो व्होल्टचा झटका प्लगकडे धावतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर या टिकल्या सेकंदाला शंभर वेळा उघडतात. इतकं काम करणाऱ्या वस्तूची झीज होणारच.

पॉइंट लावायला घेतले की गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच पुढे ढकलायची. कॅमचं टोक पॉइंटच्या टाचेखाली आलं की थांबायचं. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाचं फीलर गेजचं पातं फटीत सारायचं. ते अडकायला नको आणि सैल फिरायलाही नको. लोण्यातून सुरी ओढल्यासारखा हलका अडसर जाणवला पाहिजे. फट कमी राहिली तर टिकल्या जळतात, जास्त झाली तर कॉइल पुरेशी भरत नाही आणि वेगात गाडी मिसिंग करते. फट बदलली की टायमिंगही बदलतं, म्हणून ते पुन्हा तपासल्याशिवाय काम संपत नाही.

पॉइंट आजारही सांगतात. करड्या, स्वच्छ टिकल्या म्हणजे सगळं ठीक. एका टिकलीवर खड्डा आणि दुसरीवर ढीग दिसला, तर संशय कंडेन्सरवर घ्यायचा. हे मला उशिरा कळलं. वडिलांची गाडी माझ्याकडे आली तेव्हा ती चढावर आचके द्यायची. एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर बदलायचा सल्ला मिळाला. नवा कार्ब्युरेटर बसला, पैसे गेले, आचके तसेच राहिले. पुढे एका रविवारी मी स्वतः झाकण उघडलं तेव्हा टिकल्यांवरचा ढीग दिसला. कंडेन्सर बदलला आणि गाडी चढ चढली. त्या दिवसापासून क्रम मोडून कुठलाही भाग बदलायचा नाही, हे मी ठरवून टाकलं.

उन्हाळ्यात, ट्रॅफिकमध्ये रखडल्यावर गाडी बंद पडून पुन्हा सुरूच झाली नाही, तर पेट्रोल पंपात वाफ अडकलेली असते. पंप इंजिनला चिकटूनच बसतो. त्यावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं थांबलं की बहुतेक वेळा काम होतं. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात ओल धरते. ते कोरड्या फडक्याने आतून पुसायचं आणि तडा गेलाय का ते उजेडात धरून पाहायचं. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडायचं नाही.

ब्रेकचं काम एकट्याचं नाही. चारही चाकांना ड्रम आहेत आणि ऑइलमध्ये हवा शिरली की पेडल स्पंजासारखं बसतं. हवा काढायला आमच्याकडे आई बसते. “आई, दाब. अजून एकदा. आता धरून ठेव.” मी निपल सैल करतो, बाटलीतल्या नळीतून बुडबुडे येतात, मी निपल आवळतो आणि मगच सांगतो, “सोड.” मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची आणि जवळ यायचं. बुडबुडे थांबेपर्यंत दोघांपैकी कुणी उठत नाही. ब्रेकबद्दल जराही शंका असेल, तर जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. तसंच नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरू नये. दोन पक्के स्टँड ही सगळ्यात आधी घ्यायची हत्यारं.

गाडी मरते ती बहुधा इंजिनाने नव्हे, गंजाने. पद्मिनीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. म्हणून पावसाळा संपला की पायाखालच्या जाजमाखालचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि जॅक लावायच्या जागा टोकदार वस्तूने टोचून पाहायच्या. टोक आत गेलं तर वेल्डिंगवाल्याला बोलवायचं, वरून रंग फासून गप्प बसायचं नाही. आता त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग त्या पेट्रोलला टिकतील अशी घेऊन बदलायला हवीत.

भाग कुठे मिळतात, असं लोक विचारतात. मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ. जुना भाग खिशात घालून जायचं आणि काउंटरवर तो नव्याच्या शेजारी ठेवून पाहायचं. जुन्या दुकानदारांपैकी काही जण भाग हातात घेताच कोणत्या वर्षाची गाडी ते ओळखतात. त्यांच्यानंतर हे ज्ञान कुणाकडे जाणार, हा प्रश्न मला सुट्या भागांच्या टंचाईपेक्षा मोठा वाटतो.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्यापिवळ्या पद्मिनी शहराच्या रस्त्यांवरून गेल्या. आता उरल्या त्या घरच्या गाड्या. त्यांच्यासाठी कायद्याची वाट खुली आहे: पंधरा वर्षांनंतर फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करता येतं, आणि पन्नास वर्षं ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळा नंबर मिळतो.

तुमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात, धुळीच्या कव्हरखाली अशी एखादी गाडी उभी असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी एक रविवार तिला द्या. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, ऑइल बदला, ब्रेक तपासा, पॉइंट साफ करा. मग घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला शेजारी उभं करून तेच दोन प्रश्न विचारा: करंट येतोय का? पेट्रोल येतंय का?