टोकियोचं पत्र : रेघ संपते तिथे

टोकियो, एप्रिल

चेरीचा बहर ओसरू लागला की जपानमध्ये शाळा भरतात. पाठीवर चौकोनी कातडी दप्तर घेतलेली सहा वर्षांची मुलं सध्या गल्लोगल्ली दिसताहेत. पहिलीच्या वर्गात त्यांच्यापुढे पहिलं काम आहे हिरागाना लिपीची 46 मूळ अक्षरं गिरवण्याचं. बरीचशी मुलं ही अक्षरं घरीच वाचायला शिकून आलेली असतात. शंभर येनच्या दुकानातसुद्धा फिक्या अक्षरांच्या गिरवायच्या वह्या मिळतात. तरी शिक्षिका अगदी पहिल्यापासून सुरुवात करतात. अक्षर ओळखता आलं एवढ्यावर त्यांचं समाधान नसतं. हात कसा फिरतो ते त्यांना बघायचं असतं.

सुरुवात 'आ'पासून होत नाही. पुष्कळ शाळांत आधी 'शी', 'त्सु', 'कु' अशी एकाच रेघेत होणारी अक्षरं घेतात. 'आ'ला तीन रेघा, त्यातली शेवटची वेटोळं घेऊन बाहेर पडणारी. त्यामुळे तक्त्यात पहिला असूनही तो रांगेत मागे उभा राहतो. त्या तक्त्याचा क्रम मात्र मराठी माणसाला घरचा वाटेल : आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. संस्कृतसाठी सिद्धम् लिपी शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमार्फत आपल्या वर्णमालेची मांडणी इथे पोचली. 'सा' आपल्या च-वर्गाच्या जागी बसलाय आणि 'हा' प-वर्गाच्या, कारण फार पूर्वी त्याचा उच्चार 'पा' होता. टोकियोतल्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या मराठी आईबापांना मुलाचा तक्ता पाठ करायला वेगळी शिकवणी लागू नये!

वहीतल्या प्रत्येक चौकटीचे तुटक रेघांनी चार भाग केलेले असतात. शिक्षिका त्यांना 'खोल्या' म्हणतात. कोणत्या खोलीतून निघायचं, कोणत्या खोलीत वळायचं, हे आधी बोलून घ्यायचं. मग सगळा वर्ग बोट वर करून 'इची, नी, सान' (एक, दोन, तीन) म्हणत हवेत अक्षर काढतो. मुलांकडे तोंड करून उभ्या असलेल्या काही शिक्षिका तेच अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढतात, म्हणजे मुलांना ते सुलट दिसतं. ही कसरत बघण्यासारखी असते. त्यानंतर पेन्सिल हातात. तीही बहुधा 2बी, मऊ आणि गडद.

खरी काटेकोरपणाची जागा रेघेच्या शेवटाला आहे. रेघ तीन तऱ्हांनी संपते : टोमे म्हणजे टेकवून थांबायचं, हाने म्हणजे टोक झटक्यात वर उडवायचं, हाराई म्हणजे दाब कमी करत रेघ विरू द्यायची. हे सगळं कुंचल्यातून आलेलं आहे. कुंचला तिसरीत हातात येतो, पण 2020पासूनच्या अभ्यासक्रमात पहिली-दुसरीतही पाण्याच्या कुंचल्याने लिहिण्याचा सराव सुचवलाय. आपण धुळाक्षरांपासून पाटीपर्यंत आकाराकडे बघत आलो. 'क'चा कोणता भाग आधी काढला, यावरून सहसा कुणी मार्क कापत नाही. इथे कापतात. पहिलीतल्या 80 कांजींत, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांत, 'उजवा' आणि 'डावा' या दोन्ही असतात. दोन्हींचा वरचा भाग सारखाच दिसतो, पण 'उजवा'मध्ये आधी तिरकी रेघ काढायची आणि 'डावा'मध्ये आधी आडवी. सहावी संपेपर्यंत अशा 1026 कांजी होतात.

गंमत अशी की सरकार स्वतः इतकं कडक नाही. रेघांच्या क्रमाची सरकारी पुस्तिका 1958ची. शिकवताना गोंधळ होऊ नये म्हणून हा क्रम ठरवलाय, यात नसलेले क्रम चुकीचे ठरत नाहीत, असं तिच्यातच नमूद आहे. 2016मध्ये सांस्कृतिक व्यवहार विभागाने आणखी स्पष्ट केलं : 'झाड' या कांजीची उभी रेघ खाली टेकवून थांबवा किंवा टोक उडवा, दोन्ही बरोबर. छापील अक्षर आणि हाताचं अक्षर यांत फरक असायचाच, हा त्यामागचा विचार. तरीही उडवलेल्या टोकावर लाल फुली मारणारे शिक्षक आहेत आणि ती फुली योग्य मानणारे पालकही.

पहिलीपुरती ही कडक शिस्त मला पटते. पस्तीस मुलांच्या वर्गात सहा वर्षांच्या पोराला 'असंही चालतं, तसंही चालतं' सांगून हात वळत नाही. शिवाय ठरावीक क्रमाने गिरवलेली अक्षरं पुढे भरभर लिहितानाही ओळखू येतात. पण चौथी-पाचवीतल्या मुलाने कांजीचा अर्थ, उच्चार, सगळ्या रेघा बरोबर लिहिल्यावर एका टोकापायी मार्क कापायचे, हा निव्वळ हट्ट झाला. तिथे मी सरकारच्या बाजूने आहे. वार्ताहराला असं लिहायची संधी फारशी मिळत नाही.