उंबरठ्यावरचं यंत्र

घरात फायबर जोडताना इंटरनेट कंपनीचा माणूस भिंतीवर एक डबा लावून जातो. सिग्नल तोच उतरवून घेतो, वाय-फाय तोच देतो, मोबाइल-टीव्हींना पत्ते तोच वाटतो आणि पहाराही त्याच्याकडेच असतो. त्यातला पहारा आणि वाटा दाखवण्याचं काम वेगळं काढून ज्या यंत्राकडे सोपवतात, तो फायरवॉल राउटर. बहुधा पंखा नसलेली धातूची छोटी पेटी आणि दोन ते चार नेटवर्क पोर्ट, एवढाच त्याचा संसार. एका पोर्टात बाहेरचं जग, दुसऱ्यात घर.

त्याचा जीव सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि या सॉफ्टवेअरची वंशावळ मोठी उमदी आहे. २००१ साली परवान्याच्या वादातून ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने आधीचं पॅकेट फिल्टर (डेटाचे तुकडे, म्हणजे पॅकेट, गाळणारं सॉफ्टवेअर) काढून टाकलं आणि स्वित्झर्लंडच्या डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेलं ‘पीएफ’ स्वीकारलं. २००३ मध्ये मॅन्युएल कास्पर या दुसऱ्या स्विस प्रोग्रॅमरने फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘मोनोवॉल’ हे फायरवॉल सॉफ्टवेअर उभारलं. त्याचा सगळा कारभार ब्राउझरमधून चालायचा आणि सगळी मांडणी एकाच फाइलमध्ये मावायची. २००४ मध्ये ख्रिस ब्युक्लर आणि स्कॉट उलरिच यांनी त्यातून पीएफ वापरणारं ‘पीएफसेन्स’ काढलं. ते चढवलं की घरातला जुना पीसीही पहारेकरी होई. जानेवारी २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डेसिसो कंपनीने त्याची ‘ओपीएनसेन्स’ ही शाखा सुरू केली. पुढच्याच महिन्यात कास्पर यांनी मोनोवॉल थांबवलं आणि वापरणाऱ्यांना ओपीएनसेन्सकडे जायला सुचवलं. आपलं काम संपवताना पुढची वाट दाखवणं, हा मुक्त सॉफ्टवेअरमधला संस्कार मला फार मोलाचा वाटतो.

पीएफची खरी ताकद त्याच्या स्मरणात आहे. तुम्ही फोनवर बँकेचं पान उघडलंत, की कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पोर्ट क्रमांकावरून, कुणाकडे विचारणा गेली याची नोंद तक्त्यात होते. उत्तर आलं की ते या नोंदीशी जुळवलं जातं. जुळलं तर आत, नाहीतर बाहेर. घरातून कुणी न बोलावलेलं पॅकेट ओपीएनसेन्सच्या मूळ मांडणीतच अडतं. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत आल्यापासून याचं महत्त्व वाढलं आहे. पूर्वी सगळं घर एका सार्वजनिक पत्त्याआड झाकलेलं असे. आता प्रत्येक उपकरणाला बाहेरून ओळखता येणारा पत्ता मिळू शकतो, म्हणून नियम स्पष्ट हवेत.

पण बाहेरचं दार बंद केलं म्हणून घर सुरक्षित झालं, असं नाही. २०१६ मध्ये ‘मिराय’ या मालवेअरने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्ड चालवून कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्या फौजेने २१ ऑक्टोबरला ‘डाइन’ या डीएनएस (संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते सांगणाऱ्या) कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांसाठी बंद पडल्या. ज्या घरांतले कॅमेरे त्यात सामील होते, तिथल्या माणसांना त्याचा पत्ताही नसणार.

म्हणून आतली विभागणी महत्त्वाची. ‘व्हीएलएएन’ वापरून एकाच केबलवर अनेक वेगळी जाळी चालवता येतात. मात्र त्यासाठी स्विच आणि वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट हे दोन्ही व्हीएलएएन जाणणारे हवेत. कामाचा लॅपटॉप एका जाळ्यात, टीव्ही दुसऱ्यात, पाहुण्यांचे फोन तिसऱ्यात, कॅमेरे चौथ्यात. मग नियम असे: पाहुण्यांना इंटरनेट मिळेल, घरातला प्रिंटर दिसणार नाही. कॅमेऱ्यांना बाहेर जायची परवानगीच नाही. गावाहून घर पाहायचं असेल तर वायरगार्डचं व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतचा एन्क्रिप्टेड बोगदा, लावून आत यायचं. ओपीएनसेन्समध्ये हे नियम साधारणपणे वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा लागू होतो, त्यामुळे क्रम चुकला की अर्थ बदलतो.

हे यंत्र सगळं करू शकत नाही. फसव्या फोनवर तुम्ही ओटीपी सांगितलात तर ते काही अडवणार नाही. एन्क्रिप्ट केलेल्या संभाषणाचा मजकूरही ते सहसा वाचत नाही. शिवाय त्याला वेळेवर अपडेट लागतात. ओपीएनसेन्सच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात आणि मधल्या सुरक्षा-दुरुस्त्या वेगळ्या. अपडेट थांबलेली फायरवॉल ही स्वतःच धोका असते.

तरीही मी त्याच्या बाजूने ठामपणे उभा आहे, कारण त्यामुळे घराचे नियम घरच्यांना वाचता येतात. प्रत्येक नियमापुढे तो का लिहिला हे नोंदवायची जागा असते. ती भरावी, आणि ज्या नियमाचं कारण घरात कुणालाच सांगता येत नाही, तो काढून टाकावा.