पाहुण्याला न ओळखणारे दार

मराठीच्या प्राध्यापकाने यंत्राविषयी लिहावे, म्हणजे कीर्तनकाराने सराफाच्या पेढीवर जाऊन बसावे, असे कुणी म्हणेल. पण गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या रात्री, जळगावच्या आमच्या घरी जो प्रकार घडला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधी तिच्या तोंडच्या चाळीसएक जात्यावरच्या ओव्या मी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या. ज्या फोनवर त्या घेतल्या तो मोडीत गेला. उरला एक बोटभर पेनड्राइव्ह. दुसरी प्रत नाही! भाऊबीजेला धुळ्याहून ताई येणार, तिला ओव्या ऐकवाव्यात म्हणून तो मी लॅपटॉपला लावला. त्याचा दिवा लागला. पडद्यावर मात्र काहीच उमटेना. काढला, पुसला, पुन्हा लावला. छे! यंत्र पाहुण्याला ओळखच देईना. माझ्या पोटात गोळा आला.

बारावीतली मुलगी म्हणाली, "बाबा, आधी तिथं माऊस लावून बघा ना!"

माऊस लावला. त्याचाही तांबडा दिवा लागला, पण पडद्यावरचा बाण जागचा हलेना.

"म्हणजे दुखणं पेनड्राइव्हचं नसावं. दाराचंच आहे!" तिने निदान केले.

या दाराला यूएसबी म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. ती घडवणाऱ्या इंटेलमधील मंडळींत अग्रभागी होते अजय भट्ट, सयाजीरावांच्या बडोद्यातील विद्यापीठाचे विद्यार्थी. या दारात मुळात चार पट्ट्या. कडेच्या दोन पाच व्होल्टची वीज देतात, मधल्या दोन बोलणे करतात. आत जाणाऱ्या प्लगमध्ये कडेच्या पट्ट्या मधल्यांपेक्षा सुमारे एक मिलिमीटर लांब असतात, म्हणजे वीज आधी पोचते, बोलणे मागाहून. आपणही पाहुण्याला आधी पाणी देतो, मग नावगाव विचारतो, तसेच हे! नावगाव कळले की संगणक त्याला क्रमांक देतो आणि कारभार सुरू होतो. आमच्याकडे गाडे पाण्यापाशीच अडले होते.

घरी करता येण्याजोगे सारे केले. 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' केले. कारण हल्लीच्या विंडोजमध्ये बंद केलेले यंत्र पुष्कळदा अर्धवट झोपलेलेच असते. 'डिव्हाइस मॅनेजर'मधून यूएसबीच्या नोंदी काढल्या. यंत्र पुन्हा सुरू होताच त्या आपोआप नव्याने बसल्या. वीज वाचवण्यासाठी दाराला झोपवणारी सोय असते, तीही बंद केली. दार ढिम्म! त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळीच गोलाणी मार्केटमधले एक दुकान गाठले. तिथल्या तरुणाने लॅपटॉप बंद केला, दारावर उजेड धरला आणि भिंगातून पाहून तो हसला.

"सर, मशीनला काही झालं नाही. आत कापूस भरलाय!"

मी लॅपटॉप ज्या सुती पिशवीत कोंबतो, तिचे तंतू दाराच्या तळाशी दडपून बसले होते. त्यामुळे प्लग केसभर बाहेर राही. लांब पट्ट्या टेकत, म्हणून दिवा लागे. आखूड टेकत नसत, म्हणून ओळख पटत नसे. लाकडी काडीने त्याने बोंडाएवढा नव्हे, पण तिळाएवढा बोळा हलकेच काढला. "टाचणी कधी घालू नका सर, पट्ट्या वाकतात," असेही बजावले.

पेनड्राइव्ह लावला. टुण्‌ असा आवाज झाला आणि त्या गजबजाटात आईचा आवाज घुमला. तरुणाने हातातले काम ठेवले. "माझी आजीपण असंच म्हणायची, सर," तो म्हणाला, आणि त्याने पैसे घेतले नाहीत.

आसोद्याच्या बहिणाबाई १९५१ साली गेल्या. सोपानदेवांनी आणि घरच्या माणसांनी त्यांची गाणी कागदावर उतरवून ठेवली होती, म्हणून १९५२ साली ती छापून आली आणि आपल्या घरोघरी पोचली. मी मराठीचा प्राध्यापक, हे वर्गात दरवर्षी सांगतो. आणि माझ्या आईच्या ओव्या मात्र एका बोटभर वस्तूच्या भरवशावर टाकल्या होत्या!

भाऊबीजेला ताईने ओव्या ऐकल्या, पदराने डोळे पुसले. ओवाळणीच्या ताटात मी त्यांची एक प्रत ठेवली. दुसरी मुलीकडे आहे. तिसरी मी रोज संध्याकाळी वहीत लिहून काढतो आहे.