दोन हार्डडिस्क, एकच प्रत

२३ जुलै २०२१ च्या सकाळी महाबळेश्वरच्या वेधशाळेत मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजला गेला, तो ५९४ मिलिमीटर भरला. यातलं पूर्वेकडचं पाणी वेण्णा नदीतून मेढ्याला उतरतं, कण्हेरच्या धरणात शिरतं, संगम माहुलीला कृष्णेला मिळतं आणि कृष्णेबरोबर सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जातं. त्या दोन दिवसांत जावळी तालुक्यात रस्ते तुटले, ओढ्यांनी शेतं खरवडून नेली, गावोगावची लाईट गेली. शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गाडली गेली.

साधारण एक महिना आधी, २४ जूनच्या सुमारास, जगभरच्या घरांत आणखी एक गोष्ट घडली होती. वेस्टर्न डिजिटल कंपनीचं ‘माय बुक लाइव्ह’ नावाचं, घरभरच्या फायली साठवणारं यंत्र राउटरला जोडून ठेवणाऱ्या लोकांनी आपले फोल्डर उघडले, तर ते रिकामे. यंत्र चालू होतं, दिवे लागत होते, हार्डडिस्क ठणठणीत होती. कुणीतरी इंटरनेटवरून आत शिरून त्या यंत्राला ‘कारखान्यातून निघालास तसा हो’ असा हुकूम दिला होता. कंपनीनं या मॉडेलला २०१५ नंतर सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं होतं. पुढच्या तपासात जे निघालं ते चटका लावणारं आहे: हा हुकूम देण्याआधी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी प्रोग्राममध्ये लिहिलेल्या होत्या, पण कुणीतरी त्या निष्क्रिय करून ठेवल्या होत्या. कंपनीनं नंतर या ग्राहकांना डेटा परत काढून देण्याची सोय केली. तोवर कित्येकांनी आशा सोडली होती.

एक संकट वरून आलं, एक तारेतून. दोन्हींपुढे एकाच प्रकारचं यंत्र सारखंच उघडं पडतं, आणि ते यंत्र आता आपल्याकडच्या गावांतही येऊन बसलं आहे.

जावळीतल्या मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावाला असा नेटवर्क ड्राइव्ह कशाला, असं कुणी विचारेल. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला विचारा. फोर-के व्हिडिओ सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वेगानं नोंदला, तर एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी होतात. हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन कॅमेरे सहा तास चालले, की एका लग्नाचे ५४० जीबी झाले, फोटो वेगळेच. तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त सुरू झाले की पेनड्राइव्ह आणि सुट्या हार्डडिस्क पुरत नाहीत. मग राउटरशेजारी दोन कप्प्यांचा एक बॉक्स येतो. घरातही तेच: मुलांचे व्हिडिओ, सातबारा आणि फेरफाराचे स्कॅन, आजोबांच्या जुन्या फोटोंचे मोबाईलनं काढलेले फोटो. कोयनेच्या जलाशयात ज्यांची मूळ गावं बुडाली, अशा कुटुंबांकडे तर त्या घराची, त्या देवळाची खूण म्हणून असा एखादाच फोटो उरलेला असतो. तो फोटो पुन्हा काढता येत नाही.

बॉक्स विकताना सांगतात, ‘यात दोन हार्डडिस्क आहेत, एक गेली तरी दुसरीत सगळं आहे.’ वाक्य खरं आहे, आणि त्याच वाक्यानं माणसं फसतात. या रचनेला रेड म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली ती एका निबंधात मांडली. त्यांचा मुद्दा काटकसरीचा होता: एक महागडी मोठी डिस्क घेण्याऐवजी स्वस्तातल्या पुष्कळ डिस्क एकत्र जुंपा, आणि त्यातली एखादी मरणारच हे धरून चाला. रेड-१ मध्ये दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिलं जातं. रेड-५ मध्ये किमान तीन डिस्क लागतात. दोघींवर माहिती आणि तिसरीवर त्यांचा हिशेब. पहिलीवर ७, दुसरीवर ५ असेल तर तिसरीवर १२ ठेवावेत. कुठलीही एक गेली तरी उरलेल्या दोघींवरून तिचा आकडा काढता येतो. यंत्र बेरजेऐवजी बिटांची एक सोपी क्रिया वापरतं आणि हिशेबाचे तुकडे तिन्ही डिस्कवर पसरून ठेवतं, पण तत्त्व हेच.

आता पाहा. फोल्डर चुकून पुसला, तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. खंडणीखोर व्हायरसनं फायली कुलूपबंद केल्या, तर दोन्हींवरच्या होतात. बॉक्स चोरीला गेला, वीज पडून जळाला, पाण्यात बुडाला, तर दोन्ही डिस्क एकत्रच जातात. रेड हार्डडिस्कच्या मरणापासून वाचवते, बाकी कशापासूनही नाही. माझ्या मते हे वाक्य अशा प्रत्येक बॉक्सवर मराठीत छापायला हवं.

डेटा गेलाच, तर पहिला तास सर्वांत मोलाचा आणि सर्वांत धोक्याचा. बॉक्सचं सर्किट जळालं पण हार्डडिस्क शाबूत आहे, असं पुष्कळदा होतं. माणूस ती डिस्क काढतो, यूएसबीच्या जोडणीनं लॅपटॉपला लावतो आणि विंडोज विचारतं, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?’ डेटा तिथंच आहे. विंडोजला फक्त ती मांडणी वाचता येत नाही, कारण असे बहुतेक बॉक्स आतून लिनक्स या वेगळ्या प्रणालीवर चालतात. इथं ‘नाही’ म्हणायचं. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला आणि डिस्क ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडली, की अनेकदा सगळे फोल्डर जसेच्या तसे समोर येतात. कधी तिथंही अडतं. माय बुक लाइव्हचंच उदाहरण घ्या: त्यात साध्या संगणकाचा नव्हे, पॉवरपीसी जातीचा प्रोसेसर होता आणि डिस्कवर ६४ किलोबाइटचे ठोकळे पाडलेले होते. नेहमीचं लिनक्स ४ किलोबाइटच्या हिशेबानं चालायचं, त्यामुळे ती डिस्क त्याला सरळ उघडता येत नसे. लोक समजत, करप्ट झाली. वेगळं साधन वापरलं की तीच डिस्क वाचता येई.

डिस्क खरखरत असेल, वाचताना अडखळत असेल, तर तिच्यावर दुरुस्तीचा कुठलाही प्रोग्राम चालवू नये. आधी तिची हुबेहूब नक्कल तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढची सगळी खटपट नकलेवर करावी. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे फुकट साधन आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलून घेतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि शेवटी तिथं परत जातं. मध्येच लाईट गेली तर नोंदीवरून पुढे सुरू होतं. मेढ्यात पावसाळ्यात या सोयीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. टक-टक असा ठरावीक आवाज येत असेल तर मात्र तेही करू नये. डिस्क बंद करून पुण्या-मुंबईच्या लॅबकडे द्यावी, कारण आतलं वाचणारं टोक तबकडीला खरवडत असू शकतं.

पुसलेल्या फोटोंची गोष्ट निराळी. फायल पुसली म्हणजे तिची नोंद जाते. मजकूर, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, जागेवरच असतो. फोटोरेक नावाचा प्रोग्राम नोंदींकडे बघतच नाही, तो डिस्कचा ठोकळा न् ठोकळा चाळतो. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ‘एफएफ डी८ एफएफ’ या तीन बाइटांनी होते. ही खूण दिसली की तिथून पुढचा मजकूर तो फोटो म्हणून बाहेर काढतो. फोटो येतात, नावं येत नाहीत. ‘ताईचं लग्न’, ‘यात्रा’, ‘जुनं घर’ अशी मराठीत जपून दिलेली फोल्डरांची नावं गेलेली असतात आणि हाती हजारो क्रमांक उरतात. फोटो काढल्याची तारीख कॅमेऱ्यानं फोटोच्या पोटात लिहून ठेवलेली असते, तेवढ्यावरून पुन्हा लावत बसावं लागतं.

आणि पाणी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगलीच्या बाजारपेठेत कमरेच्या वर पाणी होतं, नगर वाचनालयाच्या पुस्तकांचा लगदा झाला. भिजलेल्या पुस्तकाला लोक ऊन दाखवतात. भिजलेल्या हार्डडिस्कला ते दाखवू नये, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. बहुतेक हार्डडिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, त्यातून पुराचं पाणी आत जातं. वाळवली की गाळ तबकडीवर घट्ट बसतो, आणि चालू करून पाहिली की वाचणारं टोक त्या गाळावरून फिरतं. ती वाळवायची नाही, चालू करायची नाही; ओलसरच हवाबंद पिशवीत घालून लॅबकडे पाठवायची. बाकी हार्डडिस्क दिसते त्याहून चिवट असते. २००३ मध्ये कोलंबिया अवकाशयान कोसळलं, त्याच्या अवशेषांत सहा महिन्यांनी कोरड्या तळ्याच्या तळाशी एक जळकी सीगेट डिस्क सापडली. क्रोल ऑनट्रॅक कंपनीनं तिच्यातला जवळजवळ ९९ टक्के डेटा काढला, आणि २००८ मध्ये त्यावरून एका प्रयोगाचा निबंध छापून आला.

जागा वाढवण्याकडे लोक खरेदी म्हणून बघतात, पण डेटासाठी ते ऑपरेशन आहे. ४ टीबीच्या दोन डिस्क भरल्या (संगणक त्यांना ३.६३ दाखवतो, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४ च्या), म्हणून एक ८ टीबीची आणली आणि बसवली, तर जागा तेवढीच राहते, जोडीत लहान डिस्कची चाल मोठीला धरावी लागते. दोन्ही बदलाव्या लागतात, तेही एकेक करून: एक काढायची, नवी घालायची, नकलेची वाट बघायची, मग दुसरी, आणि शेवटी बॉक्सला जागा वाढवायचा हुकूम द्यायचा. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी ४ टीबी उतरायला साडेसात तास जातात. तेवढा वेळ सगळा संसार एका जुन्या डिस्कवर असतो, आणि तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं जात असतं. बरीच वर्षं झालेल्या डिस्क याच वेळी मान टाकतात. म्हणून आधी बाहेर पूर्ण प्रत, मग यूपीएस (यूएसबीनं जोडला तर लाईट गेल्यावर बॉक्स स्वतःहून नीट बंद होतो), आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर. डिस्क घेताना तिच्यावर माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवलेले नाहीत ना, हेही विचारावं. २०२० मध्ये उघड झालं, की वेस्टर्न डिजिटलच्या ‘डब्ल्यूडी रेड’ (हा रेड निव्वळ नावातला) या खास नेटवर्क ड्राइव्हसाठी विकल्या जाणाऱ्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क तशा होत्या, आणि ग्राहकांना ते सांगितलेलं नव्हतं. अशा डिस्कवर नक्कल पूर्ण व्हायला कित्येक पट वेळ लागू शकतो.

छायाचित्रकारांसाठी पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं सांगितलेला नियम जगभर चालतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. ‘दुसरी जागा’ म्हटलं की लोक क्लाउड म्हणतात. पण मेढ्याहून सेकंदाला १० मेगाबिटच्या अपलोडनं ४ टीबी चढवायला अखंड ३७ दिवस लागतील, आणि पावसाळ्यात अखंड असं काही नसतं. इथं जावळीकडे एक गोष्ट आहे, जी मोठ्या शहरांतल्या कुटुंबांकडेही नसते. या तालुक्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेली, मशीद बंदरात आणि मग वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून राबली. घरटी कुणीतरी आजही मुंबईत किंवा नवी मुंबईत आहे. म्हणजे दुसरी जागा आधीपासून आहे, घाटापलीकडे, वेण्णेच्या खोऱ्याबाहेर, आणि यात्रेला, गणपतीला, दिवाळीला तिथून माणसं येतात-जातात. दुसऱ्या जागेचं मोल पाहा: १९९८ मध्ये पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ चा बहुतेक भाग एका चुकीच्या हुकमानं पुसला गेला आणि कार्यालयातला बॅकअप निकामी निघाला, तेव्हा चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकावर प्रत होती म्हणून. तान्ह्या बाळामुळे त्या घरून काम करत होत्या.

जागा वाढवताना जोडीतून काढलेली पहिली जुनी डिस्क लोक फॉरमॅट करून विकतात किंवा सीसीटीव्हीला लावतात. ती विकू नये. तिच्यावर त्या दिवसापर्यंतचं सगळं आहे. तिच्यावर कागद चिकटवून तारीख आणि बॉक्सचं मॉडेल लिहावं, फोमच्या डबीत घालून मुंबईला निघालेल्या पाहुण्याच्या हँडबॅगेत द्यावी. वर्षातून एकदा ती परत यावी, लिनक्सच्या पेनड्राइव्हवर उघडावी, दहा-वीस फोटो आणि एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघावा, ती भरलेलीच असते म्हणून नवं वेगळ्या डिस्कवर घ्यावं, आणि पुढच्या गाडीनं दोन्ही पाठवाव्यात.